तीस तारीख

दरवर्षी भाऊबीजेला आमच्या घरी एक गोष्ट निघते म्हणजे निघतेच. ओवाळून झालं की दादा पाटावरून उठता उठता म्हणतो, "तुझी २००८ ची एक बाकी आहे हं." मग कुणीतरी नवीन माणूस, नवी सून नाहीतर शेजारची मुलगी, विचारते की ते काय प्रकरण. आणि मी सांगायला लागते. की त्या वर्षी मी नवऱ्याबरोबर मालवाहू जहाजावर होते, आम्ही अमेरिकेहून जपानला चाललो होतो, वाटेत आंतरराष्ट्रीय दिनांकरेषा ओलांडली आणि कॅलेंडरातला एक दिवस गळून पडला. बुधवार २९ ऑक्टोबरच्या रात्री झोपलो आणि उठलो तो शुक्रवार ३१ ऑक्टोबर. मधल्या गुरुवारी भाऊबीज होती. ती समुद्रात गेली. सगळे "अगं बाई!" म्हणतात, दादा हसतो, वहिनी फराळाची ताटं आणते. या वर्षी दादाची सात वर्षांची नात माझ्या शेजारी बसली होती. तिने चकलीचा तुकडा गालात सरकवला आणि विचारलं, "पण आत्याआजी, तोच दिवस काढायचा हे ठरवलं कुणी?" सतरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "कॅप्टन ठरवतात." तिने मान डोलावली आणि ती परत चकलीकडे वळली.

उत्तर खोटं नव्हतं. पुरं मात्र नव्हतं.

तेव्हापासून ते मनातून जात नाही. त्या वर्षी मी बँकेतून पाच महिन्यांची बिनपगारी रजा काढली होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्या अकरा वर्षांत नवरा दिवाळीला घरी होता दोनदा. बोटीवरच्या माणसाशी लग्न केलेल्या बायका हा हिशोब बोटांवर करतात, वही लागत नाही. तो तेव्हा चीफ इंजिनिअर झाला होता, बायकोला बरोबर न्यायची परवानगी होती. जहाज २२५ मीटर लांब, ३२ मीटर रुंद, सात होल्डचं, म्हणजे माल भरायच्या सात कोठारांचं. माणसं आम्ही सगळी मिळून तेवीस. अधिकारी भारतीय, बाकी क्रू फिलिपिनो आणि चीफ कुक गोव्याचा. वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी कलामा नावाचं छोटं गाव आहे, तिथे आम्ही मका भरत होतो. धान्याची धूळ इतकी की डेकवर, केसांत, पापण्यांवर पिवळट पूड बसायची आणि सगळीकडे आमच्या गावच्या कणगीसारखा कोरडा, गोडसर वास. गावातल्या घरांसमोरच्या हिरवळीवर ओबामा आणि मॅकेन यांच्या पाट्या लागल्या होत्या. निवडणूक ४ नोव्हेंबरला होती. निकाल आम्हाला कळणार होता तो भर समुद्रात, एखाद्या संदेशातल्या एका ओळीवरून.

नदी जिथे समुद्राला मिळते तिथली वाळूची दांडी ओलांडताना जहाज पहिल्यांदा हललं. तिथे इतकी जहाजं बुडाली आहेत की त्या भागाला पॅसिफिकचं स्मशान म्हणतात. पायलट उतरून गेला आणि आम्ही उत्तरेकडे लागलो. नकाशावर सरळ पश्चिमेला दिसणारं जपान गोलावरून बघितलं तर वरून, अलास्काच्या अंगाने जवळ पडतं. म्हणून अल्यूशियन बेटांमधल्या युनिमाक खिंडीतून बेरिंग समुद्रात शिरायचं, त्या बेटांच्या वरून पश्चिमेकडे जायचं आणि मग खाली यायचं. वाट जवळची, पण ऑक्टोबरअखेरचा तो समुद्र शिशाच्या रंगाचा असतो. दुसऱ्याच दिवशी मला बोट लागली. तीन दिवस मी पाण्याचे घोट आणि कोरडे पाव यांवर काढले. बंकवर आडवं पडलं की एकदा सगळं रक्त डोक्यात आणि एकदा पायात. कपाटात हँगर एकमेकांवर आपटायचे. तो आवाज मला आजही साडीच्या दुकानात ऐकू आला तर पोटात ढवळतं.

आणि त्या तीन दिवसांत मला सारखा दादा आठवत होता.

मी सहा वर्षांची, दादा अकरा वर्षांचा. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने आम्ही दिवाळीला देवगडला निघालो होतो. बोट 'कोकण सेवक' होती असं दादा म्हणतो, आई शेवटपर्यंत 'कोकण शक्ती' म्हणायची. डेकवर सतरंजी टाकून अख्खी बिऱ्हाडं बसलेली, कुणाच्या पिशवीत फटाके, कुणाच्या डब्यात आधीच तळून घेतलेले शंकरपाळे. मला बोट लागली होती आणि आईला माझ्याहून जास्त. बोट धक्क्याला लागत नसे, दूर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं न्यायला पडाव यायचे. रात्र होती. बोटीच्या दारातून खाली बघितलं की पडाव एकदा अगदी पायाशी यायचा आणि एकदा खोल विहिरीत गेल्यासारखा खाली. तो वर आला की खलाशी ओरडायचा, "टाक पाय!" मी पाय टाकेना. दादाने त्याच्या गळ्यातला पंचा काढला, एक टोक माझ्या मनगटाला बांधलं, एक स्वतःच्या, आणि म्हणाला, "आता तू पडलीस तर मीपण पडणार. म्हणजे तू पडणार नाहीस." अकरा वर्षांच्या मुलाचं हे तर्कशास्त्र मला पटलं. मी डोळे मिटून पाय टाकला. पुढे घरी पोचेपर्यंत त्याने ती गाठ सोडली नाही. मनगटावर वळ उठला होता आणि दुसऱ्या दिवशी उटणं लावताना तो चुरचुरला, एवढं सगळं मला आठवतं.

चौथ्या दिवशी मी उठून बसले. दिवाळी दोन-तीन दिवसांवर आली होती आणि आकाशकंदील नव्हता. बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, पन्नाशीचा, फिलिपिन्सच्या पंपांगा प्रांतातला. त्याच्या गावाजवळ, सान फर्नांडोत, नाताळात घराएवढाले कंदील लावायची स्पर्धा असते. मी त्याला कागदावर चांदणी काढून दाखवली, तर तो ती बघून इतका खूश झाला की मला कळेना. मग त्याने आपल्या केबिनमधून फोटो आणला. बांबूच्या कामट्यांची पाच टोकांची चांदणी, वर रंगीत कागद, खाली दोन झिरमिळ्या. थेट आमच्या चाळीतला कंदील! ते त्याला पारोल म्हणतात आणि नाताळात तो प्रत्येक घरावर लागतो. त्यांचा नाताळ सप्टेंबरपासूनच सुरू होतो, महिन्याच्या नावात 'बर' आला की झालं. कामट्या नव्हत्या, म्हणून त्याने वर्कशॉपमधून वेल्डिंगच्या सळ्या आणल्या. मेसमध्ये बसून आम्ही दोघांनी कंदील केला. सळीला कागद चिकटेना तेव्हा त्याने आधी सळीवर दोरा गुंडाळला आणि मग खळ लावली. खळ मैद्याची, कुकने शिजवून दिलेली. डेकवर कंदील लावता येत नाही, पुढे उजेड असला तर ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, अंधारातलं दिसत नाही. म्हणून तो मेसमध्येच टांगला. जहाज हललं की तो लंबकासारखा झुलायचा आणि जेवणाऱ्यांच्या ताटांवरून लाल-पिवळी सावली इकडून तिकडे जायची.

कुक मला 'बाय' म्हणायचा. ख्रिस्ती होता, साष्टीतला, पण दिवाळीच्या पहाटे शेजारच्या घरातून येणाऱ्या फोवांच्या, म्हणजे पोह्यांच्या, आठवणी माझ्यापेक्षा त्याच्याकडे जास्त होत्या. समुद्र असा असताना तळण करायची मनाई होती, उकळतं तेल हेलकावलं तर काय होईल हे सांगायला नको. माझा चेहरा पडला. तो म्हणाला, "बाय, नेवऱ्यो भट्टींत घालूं या." नाताळात तो करायचा त्या नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. आम्ही त्या ओव्हनमध्ये भाजल्या. वरून जरा कडक झाल्या, आत सारण मात्र बरोबर जमलं. फिलिपिनो पोरांनी तीन ताटं संपवली.

आता जे सांगत आले नाही ते.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. टेबलावर भांडी सरकू नयेत म्हणून ओला टेबलक्लॉथ घातलेला. कॅप्टन मलयाळी होते, शांत, फार कमी बोलणारे. ते म्हणाले की १८० रेखांश आपण २९ च्या रात्रीच्या आसपास ओलांडू. एक तारीख गाळावी लागेल. ती २९ गाळा की ३० गाळा, जहाजाला काही फरक पडत नाही, दोन्ही कामाचेच दिवस आहेत. रविवार असता तर त्याला हात लावला नसता, लोकांची सुट्टी जाते. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चीफ सांगत होते की दोन्ही दिवस तुमचे सण आहेत. कोणता ठेवू?"

त्यांनी अगदी मनापासून विचारलं होतं. सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. मी आमटीची वाटी धरून ठेवली होती. नवरा ताटात बघत होता, पण त्याच्या खांद्यांवरून मला कळत होतं की तो ऐकतोय. मी म्हणाले, "एकोणतीस ठेवा. पाडवा."

विचार केला नाही. कुणी म्हणेल की क्षणभर तरी अडखळलीस की नाही. नाही अडखळले. अकरा वर्षांत मला दोन पाडवे मिळाले होते आणि तिसरा समोर होता. दादाला मी तोपर्यंत तीसेक वर्षं ओवाळत आले होते, पुढेही ओवाळणारच होते. ज्याची खात्री असते ते माणूस आधी सोडतं. नवऱ्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता लोणच्याची बाटली माझ्याकडे सरकवली. मला तेव्हा फार सुख वाटलं, हेही लिहायला हवं. संध्याकाळी नोटीस बोर्डावर कागद लागला की गुरुवार ३० ऑक्टोबर ही तारीख जहाजावर असणार नाही. चार बोटं रुंदीचा कागद, खाली कॅप्टनची सही.

पाडव्याच्या संध्याकाळी केबिनमध्ये मी त्याला ओवाळलं. मोकळी ज्योत पेटवायची म्हणून आधी परवानगी घेतली होती. निरांजन स्टीलच्या खोल थाळीत, थाळीखाली ओला नॅपकिन. तुपाची वात, म्हणून तेल सांडायची भीती नव्हती. नवरा बॉयलर सूट बदलून झब्बा घालून बसला होता, झब्ब्याला बॅगेतल्या घड्या तशाच. त्या दहा मिनिटांत मी जे बघितलं ते पुन्हा कधी बघायला मिळालं नाही. जहाज एका अंगावर कलायचं तेव्हा आपल्याला खोली कललेली वाटतच नाही. आपण खोलीबरोबर कलतो, भिंती सरळच दिसतात. फक्त ज्योत एका बाजूला झुकते. वारा नाही, दार बंद, पोर्टहोल बंद आणि ज्योत आपली आपण हळूहळू डावीकडे झुकते, थांबते, मधे येते, उजवीकडे झुकते. तुपाचा काठही तसाच तिच्याबरोबर चढायचा-उतरायचा. मी थाळी फिरवत होते आणि ज्योत स्वतःच्याच लयीत हलत होती. ओवाळणी म्हणून त्याने मला जपानमध्ये वापरायला ठेवलेली दहा हजार येनची नोट घातली.

रात्री झोप आली नाही म्हणून मी ब्रिजवर गेले. सेकंड ऑफिसरची पाळी होती. बाहेर मिट्ट काळोख, काचेवर गारांसारखा बर्फ टपटपत होता. त्याने जीपीएसचा छोटा पडदा दाखवला. आकडे वाढत वाढत १७९ अंश ५९ मिनिटांवर आले, पुढे पश्चिमेचं अक्षर. मग एक क्षण १८०. मग परत १७९, आणि पुढे पूर्वेचं अक्षर. बस. बाहेर काहीही झालं नाही. मला वाटलं होतं काहीतरी होईल. छापील नकाशांवर ही रेघ तिथे सरळ नसते, अमेरिकेचं अ‍ॅट्यू बेट अमेरिकेच्याच तारखेत राहावं म्हणून ती पश्चिमेकडे वाकवली आहे. जहाजं मात्र १८० धरतात. म्हणजे जमिनीसाठी वाकते आणि पाण्यासाठी सरळ राहते. सेकंड ऑफिसरने लॉगबुकात २९ च्या पानानंतर ३१ लिहिलं आणि तो परत खिडकीशी जाऊन उभा राहिला.

भाऊ लांब असला तर चंद्राला ओवाळावं, असं आजी सांगायची. बीजेची कोर आकाशात असणारच होती, ती काही कॅप्टनच्या सहीने जाणार नव्हती. पण त्या भागात ढग इतके की आठवडाभर ना सूर्य धड दिसला ना चंद्र. पहिल्यांदा चंद्र दिसला तो जपानजवळ, कोर राहिली नव्हती, जवळजवळ अर्धा होत आला होता.

दोन दिवसांनी दादाची ईमेल आली. तेव्हा ईमेल कॅप्टनच्या संगणकावर दिवसातून दोनदा उतरायच्या आणि ते कागदावर छापून द्यायचे. दादाने रोमन लिपीत मराठी लिहिलं होतं. "आईने सवयीने पाट मांडला, रांगोळीही काढली. मी बसलो. मग आम्हाला दोघांनाही हसू आलं आणि मी उठलो. चकल्या या वर्षी चांगल्या झाल्यात. तिकडे फार थंडी आहे का?" मी तो कागद घेऊन बराच वेळ बसले. आणि उत्तरात लिहिलं, "अरे, आमच्याकडे भाऊबीज आलीच नाही! दिनांकरेषेने गिळली." ते वाक्य मी तिथे पहिल्यांदा लिहिलं. लिहिताना छान वाटलं होतं. मग ते सतरा वर्षं तसंच चाललं.

जपानमध्ये मका उतरवल्यावर पुढचं भाडंच मिळेना. मे महिन्यात ११ हजारांच्या वर गेलेला बाल्टिक ड्राय इंडेक्स, म्हणजे मालवाहू जहाजांच्या भाड्यांचा निर्देशांक, डिसेंबरात ७०० च्या खाली आला होता. रिकामी जहाजं सिंगापूरच्या बाहेर नांगर टाकून उभी होती, त्यांत आम्हीही. नाताळ तिथेच झाला. बोसनने आमचा दिवाळीचा कंदील उतरवला नव्हता, फक्त त्याला दोन झिरमिळ्या जास्त लावल्या. चोवीसच्या रात्री मेसमध्ये कॅरिओकी चालू होतं आणि तो माझ्याशेजारी बसून सांगत होता की बोटीवरच्या इतक्या वर्षांत घरी मिळालेले नाताळ एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. पण त्याची बायको पारोल माळ्यावर टाकत नाही. तो ज्या महिन्यात घरी येईल त्या महिन्यात ती तो परत लावते, मार्च असो की जुलै, आणि घरात नाताळ होतो. शेजाऱ्यांनाही आता सवय झालीये. मी त्याला म्हणाले, किती छान. तो म्हणाला, "धाकटी लहान होती तोवर. आता ती म्हणते, डॅडी, हा नाताळ नाहीये." आणि उठून गाणं म्हणायला गेला.

पुढे २०११ साली सामोआ या देशाने रेषेच्या या बाजूचं त्या बाजूला जायचं ठरवलं आणि ३० डिसेंबर ही तारीखच गाळली, सगळ्या देशाने. ती बातमी वाचून मी नवऱ्याला म्हणाले, त्या दिवशी ज्यांचे वाढदिवस असतील त्यांना कुणी विचारलं असेल का? तो म्हणाला, तुला विचारलं होतं की. तो सहज म्हणाला. मी पेपरची घडी केली आणि कुकर लावायला गेले.

नातीच्या प्रश्नानंतर मी कागद घेऊन बसले आणि एक गणित केलं, जे इतक्या वर्षांत करायला हवं होतं. रेषेच्या अलीकडे जहाजाची वेळ भारताच्या साडेसतरा तास मागे होती. म्हणजे पाडव्याच्या संध्याकाळी सहाला मी नवऱ्याला ओवाळत होते तेव्हा भारतात तीस तारखेचे सकाळचे साडेअकरा वाजले होते. आईने पाट मांडला असेल तो साधारण तेव्हाच. ज्योत झुकत होती, उभी राहत होती आणि तिकडे दादा पाटावर बसून उठत होता. गाळायचा म्हणून मी जो दिवस दिला, त्याच दिवसात मी होते. हे कळून बरं वाटलं की वाईट, अजून सांगता येत नाही.

त्रिपुरी पौर्णिमा झाल्यावर मी दादाकडे गेले. तो गॅलरीत स्टुलावर चढून आकाशकंदील उतरवत होता. आता त्याचे गुडघे दुखतात, स्टूल जरा डुगडुगतं. मी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. तो वायर सोडवत होता आणि त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, म्हणून बोलता आलं. म्हणाले, "दादा, त्या वेळी कॅप्टनने मला विचारलं होतं, कोणती तारीख ठेवू म्हणून."

"मग?"

"मी पाडवा ठेवायला सांगितला."

तो वायरचं वेटोळं करत राहिला. गॅलरीखालून भाजीवाला ओरडत गेला. मग दादा म्हणाला, "बरोबरच की," आणि कंदील खाली माझ्या हातात दिला. एका हाताने स्टूल, एका हाताने कंदील, अशी मी उभी. तो उतरला नाही. वरूनच म्हणाला, "पण तो पाडवा कसा झाला, ते तू कधी सांगितलंच नाहीस. एवढं जहाज हलत होतं म्हणतेस, निरांजन राहिलं कसं?"

मी म्हणाले, "आधी खाली ये, सांगते." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जपून एक पाय खाली टाकला.